‘एक फूल, तीन अक्षरी’: शब्दकोड्याच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

वाचनालयाच्या दिवाळी अंकात यंदा शब्दकोडं द्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. नऊ बाय नऊची चौकट, एका पानात मावेल अशी. रचायला बसण्याआधी पावसाळ्याचे पहिले दोन महिने पेपरातलं रोजचं कोडं टिपणं काढत सोडवायचं. घरी येणारा पेपर कोणता ते इथे लिहीत नाही. मला एका पेपराशी भांडायचं नाहीये, मराठी कोड्याच्या सवयींकडे बघायचं आहे.

पद्धत साधी. प्रत्येक शोधसूत्रापुढे, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या ओळीपुढे, तीनपैकी एक खूण करायची. सूत्र वाचताच एकच उत्तर संभवतं, तिथे ‘ठाम’. दुसऱ्या शब्दाच्या छेदातून अक्षर मिळाल्यावर ठरतं, तिथे ‘छेद’. छेद मिळूनही ठरत नाही, तिथे ‘अधांतरी’.

आजचंच उदाहरण. आडवा शब्द, ‘एक फूल (३)’. गुलाब, मोगरा, शेवंती, जास्वंद, अबोली, कमळ, बकुळ. तीन घरांपैकी फक्त शेवटच्या घराला उभा शब्द छेदतो आणि त्यातून ‘ळ’ मिळतो. पाच फुलं गळली, कमळ आणि बकुळ दोन्ही उरली. आता उद्याचा पेपर येईपर्यंत थांबायचं. खूण: अधांतरी.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. हातात पेन असतानाच, त्या चौकटीच्या आत, आपलं उत्तर बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला कळलं पाहिजे. उद्याचं उत्तर हे पडताळणीसाठी असावं, निकालासाठी नाही.

५ जून

कालच्या उत्तरांत एक जागा अशी होती की तिथे मी लिहिलेला शब्दही चपखल बसत होता आणि छापलेलाही. म्हणून आज चौकटीचाच हिशेब केला. तीन अक्षरी शब्दांपैकी बहुतेकांना एकच छेद. चार अक्षरींना कुठे दोन, कुठे एकच. काही दोन अक्षरी शब्दांचं एक घर मोकळं, म्हणजे निम्मा शब्द फक्त सूत्राच्या भरवशावर.

इंग्रजी कोड्यात याचे दोन प्रघात आहेत. अमेरिकी चौकटीत प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन शब्दांचं असतं, सुटं घर चालतच नाही. ब्रिटिश चौकट जाळीसारखी असते, साधारण एक घर सोडून एक छेद. अमेरिकी पद्धतीत एखादा शब्द अजिबात माहीत नसला तरी तो आजूबाजूच्या शब्दांतून आपोआप उभा राहतो. ब्रिटिश पद्धतीत निम्मी अक्षरं हाती येतात आणि उरलेल्यांची जबाबदारी सूत्रावर येते.

मराठीत अमेरिकी चौकट का जमत नाही? आपण एका घरात एक अख्खं अक्षर लिहितो, काना-मात्रा-वेलांटीसकट. इंग्रजीला सव्वीस चिन्हांत भागवता येतं. आपली चौतीस व्यंजनं बाराखडीत मांडली की चारशे आठ अक्षरं होतात, आणि यात स्वर नाहीत, जोडाक्षरं नाहीत. दोन शब्दांना एका घरात तंतोतंत तेच अक्षर लागणं हे आपल्याकडे फार अवघड आहे.

तरी प्रयत्न केला. तीन बाय तीन, सगळी घरं छेदलेली:

व स न
स द र
न र क

आडवंही वसन, सदर, नरक, उभंही तेच. दुसरा सापडला तो सरस, रजत, सतत. दोन्हींत एकही काना नाही, एकही वेलांटी नाही. मात्रा आली की अडलंच. बिनमात्रांच्या शब्दांनी नऊ बाय नऊ भरायला गेले तर ‘अहमदनगर’, ‘दशरथ’ आणि ‘घर कर’ यांपलीकडची मराठी त्या पानात येणारच नाही.

तेव्हा आपल्यासाठी ब्रिटिश जाळीच बरी. पण तिचा नियम पुरा पाळायचा. प्रत्येक शब्दाची निम्मी तरी अक्षरं छेदात हवीत. तीन अक्षरी शब्दाला दोन छेद, चार अक्षरीला दोन, पाच अक्षरीला तीन. हा माझ्या चौकटीचा पहिला नियम.

१० जून

आज पेपरात ‘गुरू’च्या शेवटच्या घरातून ‘रुमाल’ खाली उतरला. आडवा वाचताना घरात ‘रू’ हवा, उभा वाचताना ‘रु’. एका घरात दोन वेगळी अक्षरं कशी लिहायची? कोडं रचणाऱ्यांनी ह्रस्व-दीर्घ सोडून दिलं होतं आणि तसं कुठे सांगितलंही नव्हतं.

आत्याचं म्हणणं, ‘अगं, कोड्यात एवढं कोण बघतं?’ आत्या वर्षानुवर्षं कोडी सोडवते आहे. तिचं मत मी हलकं धरत नाही. शिवाय तिच्या बाजूला परंपराही आहे. उलटसुलट सारखंच वाचता येणारं ‘तो कवी डालडा विकतो’ हे वाक्य लहानपणापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. अक्षरं मांडून बघा: तो, क, वी, डा, ल, डा, वि, क, तो. पुढून ‘वी’, मागून ‘वि’. ‘चिमा काय कामाची’ मध्येही पुढे ‘चि’, शेवटी ‘ची’. कानाला दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. कागदावर तंतोतंत उतरतं ते ‘ती होडी जाडी होती’ आणि ‘टेप आणा आपटे’.

म्हणजे बोलण्यातल्या खेळाला सूट चालते. पण शब्दकोडं हा लिहिण्याचा खेळ आहे. घरात अक्षर लिहावं लागतं आणि ते दोन शब्दांचं असतं. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम शाळेत आपण पाठ करतो, ते इथे मदतीलाच येतात. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: कवी, गुरू, पाटी, विळी. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ह्रस्व. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा दीर्घ: वीट, गरीब, वकील. म्हणूनच ‘गरीब’ पण ‘गरिबी’.

हे कोडं रचणाऱ्याच्या कामाचं ज्ञान आहे. ‘कवी’च्या शेवटातून ‘विळी’ उतरत नाही. ‘वीट’, ‘वीज’, ‘वीर’, ‘वीस’ उतरतात. ‘गुरू’च्या शेवटातून ‘रुमाल’ नाही, ‘रूप’ उतरतं. जागा कमी होतात, पण सोडवणाऱ्याला त्यातून धागाही मिळतो: आडव्या शब्दाच्या शेवटी दीर्घ वेलांटी दिसली की खाली उतरणारा शब्द बहुधा आखूड आणि अकारान्त निघणार, हे पेन टेकवण्याआधीच कळतं. नियम पाळल्याने कोडं अवघड होतं असं लोक म्हणतात. माझ्या अनुभवात ते सोपं होतं, कारण प्रत्येक छेद खरी माहिती देतो.

दुसरा नियम: ह्रस्व-दीर्घ आणि अनुस्वार, दोन्ही शब्दांत तेच. ‘वदन’ आणि ‘वंदन’ यांची पहिली घरं वेगळी.

१३ जून

उभ्या सूत्रांत एक क्रमांक गाळला गेला होता. छपाईत होतं असं. पुढे.

१७ जून

‘पर्वत (२)’ आला म्हणजे ‘नग’. ‘आवाज (२)’ म्हणजे ‘रव’. ‘पक्षी (२)’ म्हणजे ‘खग’, ‘मगर (२)’ म्हणजे ‘नक्र’, ‘अंधार (२)’ म्हणजे ‘तम’, ‘बाण (२)’ म्हणजे ‘शर’, ‘कोकीळ (२)’ म्हणजे ‘पिक’, ‘घोडा (२)’ म्हणजे ‘हय’. रोज कोडं सोडवणाऱ्याला ही वस्ती पाठ असते. नव्या माणसाला ती कुठेच भेटत नाही, ना घरी, ना बाजारात, ना बातमीत. वाचनालयात येणाऱ्या कॉलेजच्या मुलींना आजचं कोडं दाखवलं. त्यांनी म्हणी झटक्यात भरल्या आणि ‘नक्र’पाशी पेन खाली ठेवलं.

हे शब्द कोड्यात का येतात ते मला समजतं. दोन अक्षरी, बहुतेक बिनमात्रांचे, कुठेही बसणारे. चौकटीच्या सांदीकोपऱ्यांत त्यांच्याशिवाय भागत नाही. त्यांना हाकलून द्यावं या मताची मी नाही. संस्कृतातून आलेली ही शब्दसंपत्ती ओव्या-आर्यांतून आपल्यापर्यंत पोचली आहे आणि ती रोजच्या पेपरात जिवंत राहिली तर मला आनंदच आहे. पण मग सूत्राने हात पुढे केला पाहिजे.

‘नग’ घ्या. पर्वत हा अर्थ किती जणांना माहीत असेल? पण भांड्यांच्या दुकानात, वखारीत, पावतीवर ‘दहा नग’ रोज लिहितात. मग सूत्र असं का नको: ‘पर्वतही, पावतीवरच्या मालातला एकही (२)’. ज्याला पर्वत माहीत नाही तो पावतीकडून येईल आणि जाताना पर्वत घेऊन जाईल. ‘कर’ला तर तीन दारं आहेत: हात, सारा आणि आज्ञा. ‘पात्र’ नदीला असतं, नाटकात असतं, स्वयंपाकघरात असतं आणि एखाद्या पदाला लायक माणूसही पात्र असतो. ‘वर’, ‘मान’, ‘पान’, ‘दल’, ‘वाटा’. श्लेषावर पोसलेली ही भाषा, आणि आपण ‘पर्वत (२)’ लिहून थांबतो.

‘साप (२)’चं उत्तर पेपराने ‘अहि’ छापलं. वरच्याच नियमाने ते ‘अही’ हवं. ह्रस्व शेवट ‘आणि’, ‘नि’ आणि ‘तथापि’, ‘परंतु’ यांसारख्या तत्सम अव्ययांना राखून ठेवलेला आहे.

२३ जून

शब्द शोधायला भाच्याने संगणकावर एक छोटा प्रोग्राम करून दिला. मराठी शब्दांची यादी भरायची आणि ‘तीन अक्षरी, पहिलं ना, शेवटचं क’ असं विचारायचं. पहिल्या फेरीत त्याने ‘क्षत्रिय’ हा आठ अक्षरी शब्द ठरवला. संगणकाच्या लेखी क, हलन्ताची खूण, ष, त, पुन्हा हलन्ताची खूण, र, वेलांटी आणि य ही आठ वेगळी चिन्हं. पेपरातला कोणताही माणूस सांगेल की अक्षरं तीन: क्ष, त्रि, य.

चिन्हांचे गट करण्याचे युनिकोडचे, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाणाचे, नियम आहेत. जुन्या नियमाने या शब्दाचे पाच तुकडे पडत, कारण हलन्ताशी गट तुटायचा: क्, ष, त्, रि, य. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम घातला गेला. त्या नियमाने बरोबर तीन येतात. भाच्याने नवी आवृत्ती बसवली आणि ‘दऱ्या’, ‘स्वातंत्र्य’, ‘जास्वंद’ सगळे सरळ झाले.

मला यात समाधान याचं वाटलं की जगभरच्या संगणकांनी शेवटी तोच हिशेब मान्य केला जो कोड्याच्या चौकटीत आपण वापरत आलो. एक घर, एक अक्षर.

प्रोग्रामने एक उपयोगी गोष्ट दाखवली: ‘ळ’ने सुरू होणारा एकही शब्द यादीत नाही, ‘ण’ने जवळजवळ नाही. शेवटाला मात्र दोघांची गर्दी. म्हणून ‘कमळ’, ‘कारण’ असे शब्द आडव्या ओळीत टाकताना त्यांचं शेवटचं घर उभ्या शब्दाच्या मध्यावर किंवा शेवटावर येईल असं बघायचं. क्रियापदांचं ‘णे’ही तसंच. पेपरात ‘करणे’, ‘बसणे’, ‘फिरणे’ उजव्या कडेला रांगेने का उभे असतात, ते आज कळलं.

२९ जून

अधांतरी सूत्रांबद्दल वाचनालयातल्या गुरुजींशी बोलत होते. गुरुजी म्हणाले, ‘बाई, अशा कोड्यांवर एके काळी पैसे लागायचे.’ मग त्यांनी सांगितलं आणि मी नंतर वाचून घेतलं.

बक्षिसांच्या शब्दकोडी-स्पर्धा स्वातंत्र्याच्या आगेमागे जोरात होत्या. प्रवेशमूल्य भरायचं, कोडं भरून पाठवायचं, उत्तर जुळलं तर मोठी रक्कम. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. केंद्राचा बक्षीस-स्पर्धा कायदा १९५५ चा. अक्षरं, शब्द किंवा आकडे यांची जुळणी करण्यावर आधारलेल्या कोड्यासाठी बक्षीस, अशी त्यातली व्याख्या आहे, आणि महिन्याला एकूण हजार रुपयांच्या वर बक्षीस देता येणार नाही अशी मर्यादा. ‘आर. एम. डी. चमारबागवाला’ या नावाने ओळखले जाणारे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ मध्ये निकाल लागला: जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धेला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही, पण जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, ती स्पर्धा या बंदीत येत नाही.

नशीब आणि कौशल्य यांच्यामधली ती रेघ मला माझ्या वहीत रोज दिसते. ‘एक फूल (३)’, छेदात ‘ळ’. कमळ की बकुळ? इथे माझं मराठी कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही. दोन्ही फुलं मला माहीत आहेत. रचणाऱ्याच्या मनात कोणतं होतं ते माहीत नाही. पैसा नसला तरी ही जागा नशिबाचीच. ज्या घरात सोडवणाऱ्याचं ज्ञान चालत नाही, ते घर कोड्यात नको, इतकं माझं म्हणणं आता पक्कं झालं आहे.

६ जुलै, आषाढी एकादशी

पेपरातल्या कोड्यात आज विठ्ठल, तुळस, अभंग, पंढरी. ‘विठ्ठलभक्त (४)’ होताच. वारकरी की माळकरी? छेद तिसऱ्या घराला, ‘क’. दोन्हींत तिसरं अक्षर ‘क’च.

आजचा उपवास सत्कारणी लावायचा म्हणून गूढ शोधसूत्रं, म्हणजे सरळ अर्थाऐवजी शब्दखेळातून उत्तराकडे नेणारी सूत्रं, करायला बसले. ही पद्धत इंग्लंडात वाढली. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये हिऱ्याच्या आकारात आलं, त्यातली सूत्रं सरळ अर्थाची होती. पुढे ब्रिटनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्केमाडा या टोपणनावाचे गृहस्थ आणि त्यांच्यानंतर १९३९ पासून झिमेनीज, म्हणजे डेरिक मॅकनट, यांनी शब्दखेळाच्या सूत्रांना शिस्त लावली. दोन्ही नावं स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची. पण नावापेक्षा माणूस न्यायी: मॅकनट यांच्या पंथाचा दंडक असा की सूत्रात उत्तराचा अचूक अर्थ असावा, उत्तर जुळवण्याची प्रामाणिक दुसरी वाट असावी, आणि या दोन्हींखेरीज एकही शब्द नसावा.

दोन वाटा म्हणजे दुहेरी खात्री. मला जे हवं आहे ते नेमकं हेच! छेद कमी पडले तरी सूत्र स्वतःच स्वतःला तपासतं. मराठीला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. उखाणे, कूटश्लोक, हुमणं यांत आपण हेच करत आलो.

वारकरी: वार अधिक करी. ‘हल्ला करी, तरी विठ्ठलाच्या वाटेवर (४)’. ‘तरी माळ गळ्यात’ असं लिहायचा मोह होतो, पण मग अर्थाच्या बाजूने माळकरीही आत येऊ बघतो. ‘वाटेवर’ हवं.

कारभारी: ‘मोटार जबरदस्त, घरधनीही (४)’.

सावकार: ‘सज्जनाची मोटार व्याजाने पैसे देते (४)’. वरचं आणि हे एका कोड्यात नको, एक कार पुरे.

दीन: ‘नदी उलटी फिरली, बिचारी (२)’. इथे उलटायचं ते अक्षर मात्रेसकट. न-दी उलटून दी-न. त्याच हिशेबाने ता-ल उलटून ल-ता: ‘ठेका उलटला, वेल मिळाली (२)’. रवा आणि वारही असेच.

माती: ‘अति तेथे, आणि खाण तशी (२)’. दोन म्हणी, एकच शब्द. हे सूत्र आत्याला फोनवर सांगितलं, तिने वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर दिलं आणि म्हणाली, ‘असं असेल तर दे गं रोज.’

‘नवरा’ आणि ‘वानर’ यांतली चिन्हं तीच आहेत, न-व-र आणि एक काना. भाच्याने मोठ्या उत्साहाने दाखवलं. मला ते पटत नाही. तिथे काना एका अक्षरावरून उठून दुसऱ्यावर जातो, म्हणजे घरातलं अक्षरच बदलतं. आपल्या कोड्याचं एकक अक्षर आहे, तर उलटापालटही अक्षरांचीच.

१२ जुलै

लपलेला शब्द हा इंग्रजी सूत्रांचा सोपा प्रकार: वाक्यातच उत्तर दडलेलं असतं. मराठीत करायला गेलं की सामान्यरूप आडवं येतं. ‘विनायकात लपलेला पुढारी (३)’ असं लिहिलं तर आत नायक उरतच नाही. वि, ना, य, का, त. ‘क’चा ‘का’ झाला. प्रत्यय लागला की शब्दाचं शेवटचं अक्षर बदलतं, आणि विभक्तीशिवाय मराठी वाक्य पुढे सरकत नाही.

वाट काढता येते. ज्या नामात शब्द लपवायचा ते प्रथमेत ठेवायचं: ‘विनायक आला, पुढारी आतच (३)’. अर्थ सरळ, शब्द अखंड, फसवणूक नाही. मी याला ठाम खूण देईन.

पेपरातल्या कोड्यात आज पाहण्यासारखं काही नव्हतं.

२० जुलै

डावा वरचा कोपरा बसला. पहिल्या ओळीत वारकरी. ‘वा’खाली वासना, ‘क’खाली कनक. तिसऱ्या ओळीत ‘ना’पासून ‘क’पर्यंत तीन घरं:

वा र क री
स ■ न ■
ना ? क ■

मधलं घर मोकळं, छेद नाही. दोन्ही टोकं पक्की असूनही नायक, नाटक, नाविक तिन्ही बसतात. आता सूत्र ‘रंगमंचाशी संबंधित (३)’ असं दिलं तर नाटकही बरोबर आणि नायकही. ‘जहाजावरचा माणूस’ म्हटलं तर नाविक नक्की, पण ते सूत्र अगदीच सपाट. बारा तारखेचं विनायकाचं सूत्र इथे घातलं की मोकळ्या घरात ‘य’शिवाय काही बसत नाही. मोकळ्या घराचा भार सूत्राने उचलला पाहिजे म्हणते ते असं.

वासना: ‘गंध? नाही, हाव! (३)’. वास अधिक ना.

कनक: ‘सोनं असो की धोतरा, दोन्हीकडून सारखाच (३)’. धोतऱ्यालाही कनक म्हणतात, आणि क-न-क दोन्ही बाजूंनी तेच. यात तीन धागे आहेत: दोन अर्थ आणि रचना.

चौकट अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तशीच दिसावी हा इंग्रजी संकेत मी पाळते आहे. दिसायला चांगलं असतं आणि काळ्या घरांचा ढीग एका कोपऱ्यात साचत नाही. पेपरात तो पाळत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सोडवणाऱ्याचं त्यात काही अडत नाही.

२७ जुलै

कच्चं कोडं तिघांना दिलं: आत्या, गुरुजी आणि कॉलेजमधली एक मुलगी.

आत्याने सरळ सूत्रं आणि म्हणी आधी भरल्या, मग छेदांतून गूढ सूत्रांकडे आली. ‘हल्ला करी’ तिला वा आणि क मिळाल्यावर सुटलं आणि मग ती मागे जाऊन सूत्र पुन्हा वाचून हसली. गुरुजींनी उलट दिशेने काम केलं. त्यांनी सगळी श्लेषाची सूत्रं पहिल्यांदा काढली. मुलीने ‘नग’ पावतीवरून भरला आणि पर्वत हा अर्थ खरा आहे का ते शब्दकोशात बघून आली. ‘नायक’ तिने सर्वांत आधी ओळखला.

गुरुजींचा आक्षेप एकाच सूत्रावर, ‘गंध? नाही, हाव!’ त्यांचं म्हणणं, वासना म्हणजे इच्छा. हाव हा तिच्यातला एक रंग. अचूक अर्थाचा दंडक मीच घालून घेतला आहे, तर ‘हाव’ जाऊन ‘इच्छा’ येईल. सूत्र थोडं कमी चटकदार होतं, पण न्याय्य होतं.

एक मुद्दा तिघांनीही काढला: सगळी सूत्रं गूढ नकोत. दमायला होतं. मला ते मान्य आहे. साधारण निम्मी सरळ ठेवायची, मात्र सरळ म्हणजे ‘एक फूल’ नव्हे. ‘चिखलात वाढतं, लक्ष्मीचं आसन (३)’ म्हटलं की कमळच. ‘सुकलं तरी वास टिकवतं (३)’ म्हटलं की बकुळ. आठ-दहा अक्षरं जास्त लागतात. पेपरात जागा नसते हे कारण मी ऐकलं आहे. त्याच पानावर रोजच्या राशिभविष्याला किती जागा जाते ते मी मोजलेलं नाही, पण ती कोड्याहून कमी नाही हे कुणालाही दिसेल.

४ ऑगस्ट

आज पेपरात एक सुरेख सूत्र आलं: ‘तोंडात रंगतं, झाडावर हलतं, वाढल्यावर उठवत नाही (२)’. पान! विड्याचं, झाडाचं, जेवणाचं. तीनही अर्थ रोजच्या वापरातले, एकही शब्द वाया नाही, आणि अक्षरं दोनच असल्याने छेदाचीही गरज पडली नाही. रोजच्या घाईत कुणीतरी बसून हे घडवलं. संपादकांना पोस्टकार्ड टाकलं: हे सूत्र का आवडलं ते सविस्तर, आणि खाली ‘गुरू’-‘रुमाल’ची गोष्ट दोन ओळींत. कोड्याखाली रचणाऱ्याचं नाव छापावं अशी विनंतीही केली. कवितेखाली कवीचं नाव असतं, व्यंगचित्रावर सही असते. कोडं तेवढं बेवारशी येतं. नाव आलं की रचणाऱ्याची शैली ओळखू येते आणि चूक कुणाला कळवायची तेही कळतं.

आमच्या अंकात कोड्याच्या वर चार ओळी छापायच्या ठरल्या: एका घरात एक अक्षर, जोडाक्षरही एकच, ह्रस्व-दीर्घ आणि अनुस्वार दोन्ही शब्दांत सारखे, लेखन महामंडळाच्या नियमांनुसार, उलटापालट मात्रेसकट. उत्तरं त्याच अंकात शेवटच्या पानावर, आणि प्रत्येक गूढ सूत्रापुढे ते कसं सुटतं ते एका ओळीत.

उजवा खालचा कोपरा अजून राहिला आहे. तिथे ‘दिवाकर’ बसवायचा आहे, दिवाळीचा अंक म्हणून. ‘सांजवेळची आज्ञा सूर्याला नाव देते (४)’ हे जवळ जातं, पण ‘नाव देते’ हे दोन शब्द जागा भरण्यापुरते आहेत. ‘र’खाली ‘रवा’ येतो आणि ‘वा’पासून पुढची ओळ सुरू करता येते. या आठवड्यात तेवढं करायचं, मग सगळी चौकट एकदा गुरुजींकडे.